एकोणीस नंबरचा खण

शीतगृहात (बियाणं गोठवून जपायच्या खोलीत) कौमुदीने चौथ्या पाटीवरची बर्फाची साय हातमोज्याने पुसली आणि तिला रडूच कोसळलं.

"अठरा, एकवीस, वीस, एकवीस," ती हुंदके देत म्हणाली. "ठोकळ्या, एकवीस नंबरचे खण दोन आहेत रे! आणि एकोणीस कुठेच नाही!"

ठोकळ्या हा वाफ्यांना पाणी घालणारा यंत्रमानव. त्याने आपली पत्र्याची मान वाकवून पाट्या पाहिल्या. पाट्यांवर XVIII, XIX, XX, XXI अशी कोरीव अक्षरं होती.

"X म्हणजे दहा, V म्हणजे पाच, I म्हणजे एक. तूच शिकवलंस, ताई," तो म्हणाला. "बेरीज बरोबर आहे. खोलीच चुकली असेल."

एरवी कौमुदी हसली असती. पण चंद्रावरच्या त्यांच्या शीतलवाडीत आता कुणीच हसत नव्हतं. वाडीत माणसं अकरा. काळ्या बुरशीने नाचणीचे सगळे वाफे सडवले होते. साठवणीतलं धान्य पाच महिन्यांचं, आणि पृथ्वीवरून यान यायला अजून नऊ महिने. आईने तर एकभुक्त राहण्याचं व्रत धरलं होतं. "देवासाठी गं," असं ती म्हणे. पण उरलेली भाकरी कुणाच्या ताटात जाते, ते कौमुदीला न सांगता कळत होतं.

बुरशीला दाद न देणारी नाचणी एकोणीस नंबरच्या खणात आहे, असं यादीत लिहिलं होतं. खण एकदा उघडला की बियाणं उबेला येई. मग ते पेरावंच लागे, पुन्हा गोठवता येत नसे. निरोगी मातीचे वाफे दोनच उरले होते. त्यातला एक आबांच्या हातून गेला होता.

आबा म्हणजे कौमुदीचे आजोबा, वाडीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. पाट्या बर्फाखाली झाकलेल्या होत्या. घाईघाईत त्यांनी प्रदक्षिणेला निघावं तशी दाराच्या डाव्या हाताने चाल धरली, एकोणीस खण मोजले आणि एकोणिसावा उघडला. जन्मभर देवळात ते तसेच फिरले होते. पण ही गोल खोली बांधणाऱ्या परदेशी मंडळींनी चाळीस खणांचे आकडे उजव्या हातापासून घातले होते. उघडला गेला तो बावीस नंबरचा. त्यातली साधी नाचणी आठ दिवसांत काळी पडली. तेव्हापासून आबा दाराशी भिंतीला टेकून बसत. आत पाऊल टाकत नसत.

कौमुदी बाहेर आली. "आबा, चला ना. एकोणीस सापडत नाही."

"माझ्या हाताला आता यश नाही, बाळ. मला बोलावू नकोस."

"हात नका लावू. नुसतं सांगा. XIX म्हणजे एकवीस ना?"

आबांनी विचारलं, "आपल्या भाषेत एकोणीस म्हणजे काय गं?"

"एकोणीस म्हणजे एकोणीस."

"एकाने उणे वीस. विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे तसेच. रोमन लोकही अशीच वजाबाकी करत. मोठ्या चिन्हानंतर छोटं आलं, तर मिळवायचं. XI म्हणजे दहा आणि एक, अकरा. पण मोठ्याच्या आधी छोटं उभं राहिलं, तर ते मोठ्यातून वजा करायचं. IX म्हणजे दहात एक कमी, नऊ."

"मग एकोणीस म्हणजे IXX!"

"नाही. तिथे त्यांची रीत वेगळी. आधी दहा लिहायचे, मग नऊ. I वजा होतो तो फक्त लगेच पुढे असलेल्या V किंवा X मधून. आणि तेच चिन्ह ओळीने तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचं नाही. म्हणून चारला IIII न लिहिता IV लिहितात."

कौमुदीने जमिनीवरच्या धुळीत बोटाने X काढला. त्याच्यापुढे IX काढलं. दहा. आणि नऊ.

"आबा... म्हणजे दुसरी पाटी!"

"नक्की?"

"अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. ओळीने लागतात."

"आणि दोन एकवीस?" ठोकळ्याने विचारलं.

"एकच होता. दुसऱ्यात मी वजाबाकी विसरले होते."

"माझ्या पाण्याच्या टाकीत अशी वजाबाकी होऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

खण कौमुदीनेच उघडला. साठ दाणे निघाले, मोहरीएवढे. आईने हात जोडले, मग एकेक दाणा शेवटच्या वाफ्यात टोचला. आबा लांब उभे राहिले.

पाच दिवस गेले, सहा गेले. माती जशीच्या तशी. सातव्या दिवशी आबा म्हणाले, "इतकी वर्षं गोठलेलं बी. मेलंही असेल." आठव्या दिवशी वाफ्याकडे बघायलाही कुणी धजेना. नवव्या दिवशी ठोकळ्याने पाणी घालायचं थांबवलं आणि कौमुदीला हाक मारली.

चौदा कोंब होते. साठातले चौदा.

"फार थोडे आहेत," आबा म्हणाले. "यांचं पीक खायचं नाही. तेच पुन्हा पेरायचं. तोवर सगळ्यांना अर्ध्या पोटी राहावं लागेल. आणि जगतील की नाही, ते मी सांगू शकत नाही."

पण ते वाफ्याजवळ आले होते, आणि गुडघे टेकून एकेका कोंबाचं पान खालून तपासत होते. काळा ठिपका कुठेच नव्हता.

चाळीस खणांच्या ओळीखाली कोरी पाटी असलेला एक जादा खण होता. दुसऱ्या दिवशी कौमुदी खिळा घेऊन तिथे गेली. या नाचणीचं बी आलं, तर मूठभर इथे जपायचं होतं.

"एक्केचाळीस. XXXXI," ठोकळ्या म्हणाला.

"चार X चालत नाहीत, शहाण्या. आबा, पन्नासला काय लिहितात?"

"L," दारातून आबा म्हणाले. आज त्यांचं एक पाऊल उंबऱ्याच्या आत होतं.

कौमुदीने थोडा विचार केला. पन्नासात दहा कमी, मग एक जास्त. थंडीने बोटं आखडली होती, तरी तिने सावकाश, खोल कोरलं: XLI.

"बरोबर?"

आबा आत आले आणि त्या अक्षरांवरून त्यांनी हात फिरवला.

"बरोबर," ते म्हणाले.

खण अजून रिकामाच होता.