एका अक्षराचा फरक

"अहो, जरा बघून!"

सोलेदाद ओरडेपर्यंत बर्फाची पेटी कलंडली होती. प्रयोगशाळेच्या दारात दहा-बारा मेलेल्या कोळंब्या तिच्या पायांशी घरंगळल्या. पेटीवाला तरुण खाली बसून घाईघाईनं त्या वेचू लागला.

"यांना काय होतंय ते सांगणाऱ्या मोठ्या बाई कुठे भेटतील?"

"भेटल्या की. भिजवल्यातसुद्धा!"

त्यानं वर पाहिलं... आणि हसला. "तुम्ही? मला वाटलं, जाड चष्मा असेल."

"चष्मा संगणकासमोर लावते. तिथे यांची जनुकं वाचायची असतात. — आणि जगलेल्या कुठे आहेत?"

"त्या कशाला?"

"दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरक कसा कळणार?"

तो तरुण, रेनान्ते, त्याच दुपारी जगलेल्या कोळंब्या घेऊन परत आला. मग येतच राहिला — कधी नमुने घेऊन, कधी नुसतेच आंबे. इलोइलोच्या किनाऱ्यावरची त्याच्या वडिलांची तीन तळी रोगानं ओस पडली होती. चौथ्यात थोड्या कोळंब्या तग धरून होत्या, पण तेही उपसून जमीन विकायची, असं म्हाताऱ्यानं — सगळे त्याला तातय, म्हणजे बाबा, म्हणत — ठरवलं होतं.

तीन आठवड्यांनी सोलेदादला सापडलं. जगलेल्यांच्या एका जनुकात एकच अक्षर वेगळं होतं!

"योगायोग असेल, इंदाय," म्हातारा लाडक्या पोरीला म्हणावं तसं म्हणाला.

"मग परीक्षा घ्या, तातय. पंधरा मेलेल्या, पंधरा जगलेल्या. प्रत्येकीचा एकेक पाय पाठवा, वर नुसता आकडा. कुठली जगली, ते मी सांगते."

शनिवारी गावचे सगळे तळेवाले बांधावर जमले. उपसा करायचा पंपही तयार होता. सोलेदाद एकेक आकडा वाचू लागली, तातय आपल्या कागदावर खुणा करू लागले. तिसराच चुकला. कोणीतरी खुदकन हसलं. ती मात्र पुढचा आकडा वाचत राहिली.

तीसपैकी एकोणतीस बरोबर!

तातयनी कागदाची घडी घातली. "पंप परत न्या रे. या जगलेल्या कोळंब्यांचंच बियाणं धरायचं."

रेनान्तेची छाती फुगली. "बघितलंत? ही आमची सोलेदाद!"

"आमची?" तिनं हळूच विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... माझी. तू हो म्हणालीस तर."

"इतक्या लोकांसमोर विचारतोस?"

"लपवून कसं विचारू? इतका अभिमान वाटतोय तुझा..."

सोलेदादनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि त्याचा हात घट्ट धरला.

"मग सांग ना त्यांना," ती म्हणाली, "हो म्हणाली म्हणून."