शेवटच्या सायकलचा आउट

पंप घेऊन ती मागच्या खोलीतून गॅरेजमध्ये आली, तर सायकल जागेवर नाही. धावत फाटकाशी गेली. सायकल फुटपाथवर नीट स्टँडवर उभी, आणि शेजारी एक उंच, चष्मेवाला माणूस पहारा देत असल्यासारखा.

“ही बाहेर कुणी आणली?”

“मी,” तो अभिमानाने म्हणाला. “तुम्हीच लिहून ठेवलंत ना… व्याकरण तेवढं दुरुस्त केलं.”

हँडलला तिने सकाळी चिठ्ठी बांधली होती – ‘आउट काढायचा आहे’. त्यातल्या ‘चा’वर लाल काट मारून त्याने ‘ची’ केलं होतं.

“अहो, आउट म्हणजे चाकाचा बाक. चाक डगमगतंय, ते सरळ करायचंय.”

“म्हणजे ‘चा’ बरोबर होतं?” सायकल हलवल्यापेक्षा त्याला याचीच जास्त लाज वाटलेली दिसली. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तिला हसू आवरेना.

ती आठवडाभर औषधांच्या दुकानात असायची आणि रविवारी मामाच्या गॅरेजमध्ये जुन्या सायकली घासूनपुसून विकायची. हौस म्हणून सुरू केलेलं काम सहा वर्षांत मानगुटीवर बसलं होतं. जेवायला बसलं की कुणाच्या तरी ब्रेकचा फोन. स्वतः सायकलवर बसून तर तिला वर्ष झालं होतं. म्हणून महिनाअखेर हे सायकलींचं दुकान बंद. ठरवलं म्हणजे ठरवलं. आता आजचा धरून चार रविवार उरले होते, आणि ही एकच सायकल.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. “आउट निघाला का, बघावं म्हटलं.”

ती चाक फिरवत होती. “या बाजूचा स्पोक पाव फेरा कसायचा, त्या बाजूचा तेवढाच ढिला. घाई केली की बिघडतं.”

“माणसांचाही निघतो का असा?”

“तुमचा? वेळ लागेल.”

तो हसला, आणि तिने स्पोकची चावी चुकून उलटी फिरवली.

तिसऱ्या रविवारी चाक अगदी सरळ झालं होतं. त्याने एक डोळा मिटून निरखलं. “डावीकडे… केसभर आहे अजून.”

नव्हता. तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने चावी उचलली, आणि दोघं तासभर त्या नसलेल्या बाकाविषयी बोलत बसली.

तो गेल्यावर मामा गॅरेजच्या दारात आला. “एका चाकाला किती रविवार लागतात गं? सकाळी आलेल्या गिऱ्हाइकालाही तू परत पाठवलंस.”

ते तिच्या जिव्हारी लागलं. दुकान बंद करायचं ठरवून ती एका माणसासाठी ते रेटत होती, हे तिचं तिला आवडलं नाही. आणि सायकल गेली की तो येणारच नाही, ही धाकधूक तर त्याहून वाईट. चाकासाठीच येत असेल तर… तर ते आत्ताच कळलेलं बरं.

शेवटच्या रविवारी शेजारच्या गल्लीतल्या एक निवृत्त बाई सायकल घ्यायला आल्या. तो तिथेच उभा होता. तो काही बोलणार, तेवढ्यात तिने सायकल बाईंच्या हाती दिली. बाई घंटी वाजवत निघूनही गेल्या.

“मी घेणार होतो ती,” तो हिरमुसून म्हणाला.

“सायकल येते तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“ती इथे होती तोवर मला यायला कारण होतं.”

“म्हणून तर विकली.” तिने शटर अर्धं खाली ओढलं. “पुढच्या रविवारी इथे काही नसेल. सायकल नाही, चाक नाही. मी नदीकाठी फिरायला जाणार आहे. यायचं तर विनाकारण यावं लागेल.”

त्याने चष्मा काढून पुसला.

“विनाकारण कसं,” तो हळूच म्हणाला, “मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून.”

तिने शटर पुरतं खाली ओढलं, कुलूप लावलं आणि मग त्याच्याकडे वळली.

“हे आधी सांगितलं असतंत, तर ती सायकल तीन रविवारांपूर्वीच विकली असती मी.”