हेझलबाईने नेलेली माती

खोटं वाटत असेल तर पुढे सरका. कुणाला पटवत बसायची ताकद माझ्यात राहिली नाही.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. रनाळ्याच्या पुढे जसोदाबाईचं कापसाचं शेत आहे, तिथली. दिवस मावळत होता.

मी ललित. शाळा सोडल्यापासून नंदुरबारला मामाची रिक्षा चालवतो. त्या सकाळी स्टेशनवर एक गोरी म्हातारी उतरली. हेझल तिचं नाव. ती मोबाईलमध्ये इंग्रजी बोलायची, मोबाईल मराठीत सांगायचा.

ती तिच्या आजोबांच्या थोरल्या भावाला शोधत होती. आर्थर. इंग्लंडच्या कुठल्या तरी खेड्यातल्या मेंढपाळाचा पोरगा. इकडे रेल्वेची लाईन पडायची होती तेव्हा मोजणीला आला आणि तापाने मेला. घरी एवढंच कळलं. म्हातारीचं अर्धं आयुष्य त्याला शोधण्यात गेलं.

"त्याच्या आईने आपल्या कबरीशेजारी त्याची जागा राखून ठेवली," मोबाईल बोलला. "ती अजून रिकामी आहे. माझ्यानंतर आमच्यात कुणी उरत नाही."

तिला फक्त मूठभर माती न्यायची होती.

दिवसभर फिरलो. एका ठिकाणी पीर निघाला, एका ठिकाणी नुसता उकिरडा. माझं डोकं तापलं.

"ओ आजी, कोणताबी दगड धरा ना आता!" मी ओरडलो.

मोबाईलने तेही इमानदारीत इंग्रजीत सांगितलं. म्हातारी हसली. परत रिक्षात जाऊन बसली.

शेवटी रनाळ्यात एकाने जसोदाबाईचं शेत दाखवलं. बांधावर निंबाखाली एक चौथरा. वरची अक्षरं झिजलेली. म्हातारीने त्यांच्यावरून बोट फिरवलं, नाव जुळवलं आणि... तिथंच खाली बसली. खूप वेळ उठलीच नाही.

जसोदाबाईने माती खणून स्टीलच्या डब्यात भरून दिली. मग माझ्यावर घसरली.

"ये पोऱ्या, नुसती माती नेशी का? आपण अस्थी नेतस तव्हय कसं करतस? वळण उनं का सांगनं, पूल उना का सांगनं. नही ते मानूस वाटमाच ऱ्हाई जास."

"गोऱ्याला अहिराणी कळेल का, मावशी?"

"इतला वरीस आठेच पडेल शे. कळी नही का?"

वळण आलं, पूल आला की मेलेल्याला सांगायचं, नाहीतर तो वाटेतच राहतो, आणि इतकी वर्षं इथंच पडलाय तर त्याला आमची बोली कळेलच, हे सगळं मी म्हातारीला समजावलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. डबा पोटाशी धरून म्हणाली, "तूच सांग. रस्ता तुझ्या ओळखीचा आहे."

निघालो. अंग नुसतं आंबून गेलं होतं. फाटा आला.

"चला, फाटा उना," मी वैतागून म्हणालो.

आणि रिक्षा... मागून दबली.

सवारी बसल्यावर दबते, तशी.

आरशात पाहिलं. म्हातारी एकदम कडेला सरकून बसली होती. शेजारची जागा मोकळी.

पुढे नाल्याचा पूल लागला.

"चला, पूल उना."

मागे कुणीतरी... खोकलं.

बाईचा खोकला नव्हता तो.

मी मागे वळलो नाही. रेल्वे गेट, स्टेशन रोड, सगळं सांगत गेलो. 

लॉजसमोर म्हातारी उतरली. रिक्षा थोडी वर उचलली.

मग पुन्हा उचलली... जास्त.

म्हातारी गेली आपल्या देशात. मार्चमध्ये तिचा मेसेज आला, मराठीत करून पाठवलेला. 'माती त्याच्या आईशेजारी पुरली. आता मला झोप लागते. पण स्वयंपाकघरात कुणीतरी बोलतं. तो आर्थरच. मी आवाज भरून घेतलाय. मोबाईलला ही भाषा ओळखता येत नाही. तो काय म्हणतो?'

खाली क्लिप होती. लावली.

आधी नुसता वारा... मग एक दमलेला आवाज.

"माय वं... थंडी वाजी ऱ्हायनी... मन्हं घर कोठे शे?"

अहिराणी होती ती, आमच्याकडची.

तसाच रनाळ्याला गेलो, जसोदाबाईला ऐकवलं. तिने पदर तोंडाला लावला. ओट्यावर टेकली.

"हाऊ ते आपला मानूस शे रे..."

"कोण?"

"सासू सांगे. साहेबनी मोजणीनी साखळी धरनारा एक गडी व्हता. तोबी त्याच तापमा गया. साहेबना शेजारीच गाडं त्याले. नाव कोनलेच माहीत नही." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू आपली बोलीमा हाक मारी ना? मंग साहेब कसा येई? हाऊच उना."

"तूच सांगितलं होतं ना!" मी भडकलो.

ती उठून घरात गेली.

म्हातारीचा मेसेज रोज येतो. ती त्याच्यासाठी टेबलावर चहा ठेवते. आता मी एकटी नाही, असं लिहिते. मी उत्तर टाईप करतो आणि पुसतो. तिला काय सांगू? आर्थरची जागा भरली, पण भलत्याच माणसाने?

काल नवीन क्लिप आली. खाली लिहिलं होतं, 'आज त्याचा आवाज आनंदी वाटतो. काय म्हणाला?'

ऐकायची नव्हती. तरी ऐकली.

वारा... कपाचा आवाज... आणि तोच माणूस, अगदी जवळून.

"ललितभाऊ... गाडी लई ये ना... माले घर जानं शे..."

इंग्लंड कोणत्या दिशेला आहे, तेपण मला माहीत नाही.