नकलेत नसलेलं

वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात नोंदी ठेवण्यात आईची हयात गेली, आणि ती सवय तिने घरीही आणली. घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, खाली एक ओळ लिहायची, ही वस्तू कुणाची, आणि सगळं घराच्या वेबसाइटवर चढवायचं. स्वयंपाकघर, बैठक, बाल्कनी, माणसं असे चार कप्पे. बाबांचंही पान होतं: 'खिडकीजवळच्या खुर्चीतले गृहस्थ. माझे.' लोक हसायचे. हसू देत. आई गेल्यावर साइट ताईने सांभाळली, आणि ताई म्हणजे एकदा धरलं की सोडणारी बाई नव्हे.

ताई नोकरीत लोकांचे सर्व्हर सांभाळायची. आईच्या साइटवर तिने स्वतःची एकच भर घातली होती. धाकट्या भावाची मुलगी आई गेल्यानंतर जन्मली. सूनबाई दवाखान्यात नोकरीला, दिवसभर बाहेर, आणि पोरगी घरभर गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिच्यासाठी ताईने 'नवीन' नावाचा पाचवा कप्पा उघडला. त्यात लाल गमबूट घातलेली भिंगरी, आणि खाली ओळ: 'आमची सगळ्यांची.'

पहिली गेली ती निळी किटली. सकाळी ताई चहा करायला गेली, तर शेगडीवर भलतंच पातेलं.

"किटली कुठंय?"

"कसली किटली?" धाकटा म्हणाला. "आपल्याकडे किटली होती कधी?"

बाबांनी शब्दकोड्यातून मान वर केली आणि नकारार्थी हलवली. साइटवर किटलीच्या जागी पांढरा चौकोन. आपलंच डोकं फिरलं की काय, असं ताईला वाटलं. पण ऑफिसात तिच्या संगणकाच्या पडद्यावर किटली होतीच, टवका उडालेल्या झाकणासकट. आईचा तो फोटो तिने कधीतरी तिथे लावून ठेवला होता. तिने तो परत साइटवर चढवला. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तर किटली शेगडीवर शिट्टी मारत होती.

"बघतेस काय," धाकटा म्हणाला, "बंद कर की."

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. ताईला संताप आला. आईच्या घरात हात घालायची कुणाची ही हिंमत? ज्याच्याकडे नक्कल, त्याच्याकडे आठवण, एवढं तिला कळलं. का, ते कळलं नाही, आणि त्याच्या मागे ती लागलीही नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, लिहायला घेतली. रोज सकाळी आपोआप साइटची नक्कल उतरवायची आणि ताईच्या लॅपटॉपवर ठेवायची.

"हे म्हणजे वरातीमागून घोडं," धाकटा म्हणाला. "काही गेलेलं नाही, ताई."

"घोडं माझं आहे. तू नको बसूस."

टेबलाखालून भिंगरीचं डोकं बाहेर आलं. "आत्या, काय करतेस?"

"घर उतरवून घेतेय."

"मी आहे का त्यात?"

"तू तर आहेसच," ताई म्हणाली आणि तिच्या नाकाला बोट लावलं.

कोणते कप्पे उतरवायचे, ते स्क्रिप्टमध्ये सांगावं लागतं. ताईने आईचे चार लिहिले. 'नवीन' लिहिला नाही. ते तिचं स्वतःचं काम, अगदी अलीकडचं. गळतं ते जुनं. नवं कुठे पळून जातंय?

मग खेळच सुरू झाला. बाल्कनीतली झारी गेली, तिने परत चढवली. बैठकीतलं घड्याळ गेलं, तेही आणलं. घरातल्यांना पत्ता नाही. चहा पिता पिता ताई साइट आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवून बघायची आणि कुणाला तरी मोठ्याने सांगायची, "न्या. किती नेताय बघते." खोलीत कुणी नसायचं. पण एकदा ती असं बोलली आणि लगेच तिच्या डोळ्यांदेखत एक पान पांढरं झालं.

एके दिवशी दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या तिने साइट उघडली. 'खिडकीजवळच्या खुर्चीतले गृहस्थ' जिथे असायचे, तिथे पांढरा चौकोन. तिने घरी फोन लावला.

"बाबांना दे जरा."

धाकटा फोन घेऊन बाल्कनीत गेला. मग जपून म्हणाला, "ताई, तू घरी येतेस का? बाबांना जाऊन किती वर्षं झाली."

ती आली. खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांची घडी होती. ती खुर्ची कायमची त्याचसाठी असावी, तशी. गादीला बसल्याचा खळगासुद्धा नव्हता. ताईला रडू फुटलं, आणि रडत रडतच तिने लॅपटॉप उघडला.

बाबांचं पान परत चढवेपर्यंत बैठक गेली. बैठकीला हात घालते, तोवर बाल्कनी.

एकेक करून भागणार नव्हतं. तिने स्क्रिप्ट उलटी फिरवली. आता साइटनेच हुबेहूब नकलेसारखं व्हायचं. कमी असेल ते भरायचं, जास्त असेल ते पुसायचं. असा हुकूम देण्याआधी ऑफिसात ती दुसऱ्या माणसाला वाचायला देते. इथे दुसरं कुणी नव्हतं.

बाहेरच्या डबक्यांतून भिंगरी नुकतीच आली होती. पॅसेजमध्ये तिचे बूट फरशीवर चुकचुक वाजत होते.

"आत्या, बघ ना."

"थांब गं, राणी. झालंच."

ताईने बटण दाबलं.

चुकचुक थांबली.

"चहा टाकतेस का गं?" खिडकीजवळून बाबा म्हणाले. "सहा अक्षरी शब्द अडलाय."

ताईने त्यांचा हात घट्ट धरला. किती तरी वेळ सोडला नाही. मग छताकडे बघून ठणकावून म्हणाली, "या घरातलं काही म्हणजे काही जाणार नाही. सांगून ठेवते."

चहा टाकायला जाताना पॅसेजच्या मधोमध तिला लाल गमबुटांचा चिमुकला जोड दिसला. चिखलाने भरलेला.

"हे कुणाचे रे?"

"शेजारच्यांचे असतील," धाकटा पेपरातून म्हणाला. "लहान पोर आहे कुठे आपल्याकडे?"

तेही खरंच. पण बेवारशी वस्तू या घरात राहत नाही. ताईने आईसारखा फोटो काढला, खाली 'लाल गमबूट' असं लिहिलं, आणि पुढे कुणाचे ते लिहायला गेली, तर बोट अडलं. शोधून काढू, तिने ठरवलं. फेकायचे मात्र नाहीत.

कपाटात ठेवायला तिने ते उचलले. बूट आतून अजून उबदार होते.