किर्कास तळ्याची पांढरी तबकडी

एइनो वास्केलो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या अंगाला माशाचा वास येत नव्हता. बावन्न वर्षं किर्कासच्या तळ्यात जाळी टाकणारा माणूस. वास नसला की चुकल्यासारखं वाटायचं.

"बसा," ताइमी रुओहो म्हणाली. विमा कंपनीसाठी वीस वर्षं खोट्या आगी हुंगून ती थकली होती. आता खासगी चौकश्या करायची, त्याही फारशा मनाला लावून न घेता, असं तिने ठरवलं होतं. ते काही तिला जमत नसे.

"आज संध्याकाळी सहाला तळ्याच्या मंडळाची सभा आहे. माझा जाळ्याचा हक्क काढून घेणार. त्यात आता मी चोरही झालोय."

हकीकत साधी होती. ल्यूली नावाची बाई तीस वर्षं दर आठवड्याला नावेतून एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडते. ती जिथे दिसेनाशी होते, ती खोली वहीत लिहिते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत सात मीटर येत होती, यंदा चार. मंडळाचा अध्यक्ष हन्नुला म्हणाला, एइनो मासे साफ करून घाण पाण्यात टाकतो. एइनो नाही म्हणाला. तेव्हा ठरलं, आज सकाळी सगळ्यांदेखत मोजायचं. आणि काल तबकडीच नाहीशी झाली.

"मोजणी टळली की फायदा तुमचा," ताइमी म्हणाली.

"हन्नुलाही तेच म्हणतो."

"मासे कसे आहेत?"

"कुठले मासे! पाठ धरली म्हणून यंदा दिवसा जाळं टाकून पाहिलं. मुइक्कू मासे बाजूने निघून जातात, जाळ्याला शिवतसुद्धा नाहीत. या तळ्यात जाळं रात्रीच टाकायचं, हे माझ्या आज्याला कळत होतं. मलाच दुर्बुद्धी झाली."

गाडीत ओस्मोने निकाल देऊन टाकला. ओस्मो म्हणजे ताइमीच्या बहिणीचा नवरा, निवृत्त बसचालक, घरी करमत नाही म्हणून तिच्याबरोबर हिंडणारा. "म्हाताऱ्यानेच उचलली. सरळ आहे."

"भावोजी, उभ्या आयुष्यात तुम्ही बस कधी आडवाटेने नेली नाहीत. आता कशाला नेता?"

हन्नुला आपल्या उन्हाळी घराच्या ओसरीवर ब्लँकेट गुंडाळून बसला होता. "तबकडी नावघरात असते आणि किल्ली दगडाखाली, सगळ्या गावाला माहीत आहे. कोणीही जाऊ शकतं. पण गरज कोणाला होती ते बघा ना."

"तुम्हाला पाणी गढूळ वाटतं?"

"मी पाण्यात उतरत नाही हो, मला थंडी बाधते. पण ल्यूलीबाईंच्या वहीत आहे ना! त्या वहीवर इथे कोणी शंका घेत नाही."

नावघरात खिळ्याला दोरी तशीच लटकत होती. दर मीटरला लाल लोकरीची गाठ. खालचं टोक मोकळं होतं. कापलेलं नव्हतं, नीट सोडवलेलं.

"चोर आळशी दिसतो," ओस्मो म्हणाला. "दोरी तशीच ठेवून गेला."

ल्यूलीबाईंनी दार उघडलं. "ये गं सिर्क्का."

"सिर्क्का नाही, मी ताइमी रुओहो. चौकशीला आलेय."

"अगं बाई, ऊन डोळ्यावर आलं." बाहेर सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

त्यांनी कॉफी ओतली. ओतताना कपाच्या आत बोट धरलं होतं. ओस्मोने तो कप हळूच बाजूला सारला.

वहीत जुने आकडे मुंगीएवढे होते, यंदाचे ठळक, ओळ सोडून गेलेले. "दोरी कोणाची?" ताइमीने विचारलं.

"आमच्या ह्यांची. गाठीही त्यांनीच बांधलेल्या. तबकडी मंडळाची." वही मिटत त्या म्हणाल्या, "मुलगी हेलसिंकीला बोलावते. मी नाही जायची."

"तुमच्या पातेल्याचं पांढरं झाकण द्याल?"

चार वाजता धक्क्यावर एइनो, हन्नुला आणि ल्यूलीबाई उभे होते. ताइमी आणि ओस्मो नाव वल्हवत तळ्याच्या मधोमध गेले. ओस्मोने झाकणाला दगड बांधला आणि दोरी नावेच्या सावलीच्या बाजूने सोडली. सातवी गाठ पाण्यात गेली, त्यानंतर झाकण दिसेनासं झालं.

"सात मीटर," धक्क्यावर येऊन ताइमी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "आणि झाकण तबकडीपेक्षा लहान आहे."

"मग वहीत चार कसं?" हन्नुला म्हणाला.

"पाणी गढूळ झालं असतं तर माशांना जाळं दिसलं नसतं. एइनोंना दिवसाही मासे लागले असते. लागत नाहीत, म्हणजे पाणी आहे तसंच आहे. आता चोर. घाईतला चोर दोरीसकट तबकडी नेतो. इथे मात्र कोणीतरी गाठ सोडत बसलं. ज्याला ती दोरी टाकवली नाही, अशा कोणीतरी. शिवाय मोजणी सगळ्यांदेखत व्हायची होती. पाच जणांना सातपर्यंत दिसणार, आणि एकालाच..." ती थांबली. पुढचं बोलायची तिला इच्छा नव्हती.

ओस्मोला उशिरा कळायचं, पण कळलं की तोंडातून निघायचं. "कपातलं बोट... कॉफी कुठवर आली ते कळावं म्हणून," तो म्हणाला, आणि ओशाळून खाली बघू लागला.

एइनो पुढे झाला. "पुरे. मी जाळी टाकणं सोडतो. पाठ नाहीतरी गेलीच आहे. वहीत चारच राहू दे."

"गप रे," ल्यूलीबाई म्हणाल्या. "एका बाकावर बसून शिकलो आपण, तेव्हाही तू असाच मूर्ख होतास." त्यांनी तळ्याकडे तोंड केलं. "काल धक्क्याच्या टोकावरून मीच टाकली ती तबकडी. मोतीबिंदू आहे म्हणतात. डॉक्टरला सांगितलं की गाडीचा परवाना जाणार, मग नाव जाणार, आणि मग मुलगी सामान बांधायला येणार. भीती वाटली मला. सुरुवातीला खरंच वाटलं, पाणीच गढूळ झालंय. मग घरातल्या भिंतीही गढूळ दिसायला लागल्या."

हन्नुलाने ब्लँकेट काढून हातावर घेतलं.

"सभेत मीच सांगते सगळं," त्या म्हणाल्या. "पण उद्या दवाखान्यात जायचं कसं? गाडी मी आता चालवत नाही."

"नऊला येतो," एइनो म्हणाला. "आधी जाळी ओढायचीत."