ओला ताणा

संगमनेरच्या साळ्यांच्या गल्लीत सकाळी मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरला की माणूसच काय, मांजरही आडवं जात नसे. रंगाच्या दुकानातला फिलिप मात्र गेला. त्रेचाळीसची गोष्ट. नवी सायकल, मागं रंगाचे डबे आणि डोळे... होते, पण कामाचे नव्हते. सूत तटातट तुटलं.

भागू उठली. लंकाबाईची ही लेक. बाप अंथरुणाला खिळलेला, माग हिच्याच हातांवर. तिनं फिलिपला तिथंच बसवून धागा न् धागा सांधायला लावला. मिशनच्या शाळेत शिकलेलं पोर, बोटं मेणाची. गाठ काही बसेना. तिला हसू फुटलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

पुढं तो दुकानातून रंग पोचवायला येऊ लागला. डब्यावर इंग्रजी अक्षरं. काय लिहिलंय, तिनं विचारलं. फास्ट – म्हणजे पक्का, न जाणारा रंग. मग कळलं, भरधाव घोड्यालाही फास्टच म्हणतात. घट्ट बसलेल्या दाराला फास्ट, गाढ झोपेला फास्ट. वर तिच्या सोमवारच्या उपासालाही तेच.

"पळतं ते बी तेच न् हलत न्हाई ते बी तेच?" भागू म्हणाली. "गोऱ्यांकडं शब्दांचा दुष्काळ हाय व्हय?"

"अजून एक अर्थ आहे." तो डब्याकडंच बघत होता. "जिवाभावाचं माणूस... त्यालाही लावतात."

"मग तो आधी सांगायचा. घोडा कशाला मधी आणला?"

त्यानंतर वाचून घेतल्याशिवाय ती एकही डबा आत नेत नसे. अक्षरं तीच असायची. लंकाबाईला दिसत नव्हतं असं नाही. तो किरिस्ताव, ही साळ्याची. ती सुस्कारा सोडी आणि सूत गुंडाळायला बसे.

लढाई लांबली. विलायती रंग येईना, दुकानाला कुलूप लागलं. एका ढगाळ सकाळी फिलिप डब्यांशिवाय आला. नगरच्या लष्करी डेपोत नोकरी, लॉरी आत्ता निघते, तिथली मावशी लग्न लावून देईल – सगळं एका दमात. मग हळू,

"येतेस?"

भागूच्या हातात कुंचा. सुताला नुकतीच खळ लावलेली. ओला ताणा मधेच सोडला की धागे एकमेकांना चिकटतात, सगळं मातीमोल. कंट्रोलचं, मोजून मिळणारं सूत, पुन्हा कुठून आणायचं? आणि घर जेवायचं ते त्याच्यावरच. पलीकडच्या टोकाला लंकाबाई उभी. ती जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. बायकांना कधी कधी तेवढंच देता येतं.

"जीव तुमच्यात हाय," भागू म्हणाली. हात चालूच. "पन हे वाळस्तवर मला हलता येत न्हाई. थांबाल?"

"लॉरी थांबणार नाही, भागू."

"मग जावा. उशीर करू नका."

तो गेला. आभाळामुळं सूत वाळायला दुपार कलली.

पुढल्या साली तिला येवल्याला दिली. नवरा भला, कामाचा. एकदा खळ लावताना त्यानं विचारलं, सारखी रस्त्याकडं काय बघतेस?

"ऊन कुठवर आलं ते," ती म्हणाली.

आभाळ गच्च भरलेलं होतं. त्यानं वर पाहिलं, आणि आपला कुंचा पुढं चालवला.