मंगळगड कंपनीचं पहिलं वर्ष

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची एस.टी. लागली आणि एकच झुंबड उडाली. त्या रेट्यात आवडीच्या हातातलं गाठोडं सुटलं. नुकतीच नव्याने बांधून घेतलेली खतावणी एका अनोळखी माणसाच्या पायाशी जाऊन उघडी पडली.

त्याने ती उचलली, धूळ झटकली. पण परत द्यायची सोडून... वाचायलाच लागला!

"द्या इकडे," आवडी फणकारली.

"अक्षर सुरेख आहे," तो मान वर न करता म्हणाला. "पण लॉरीच्या खात्यात घसारा कुठे दिसत नाही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

त्याने वही मिटली, दोन्ही हातांनी पुढे केली. डोळ्यांत किंचित हसू होतं. "तेच तर करायला निघालोय. मी मुरारी मोरे. मंगळगड मालवाहतूक कंपनीचे हिशेब तपासायला महाडच्या ऑडिटरनी पाठवलंय मला."

एकोणसाठ सालचा एप्रिल होता तो. आवडीचे वडील रावजी सकपाळ मंगळगडाखालच्या खोऱ्यात घरोघर फिरले होते. चाळीस घरांना शंभर-शंभराचे शेअर देऊन, उरलेलं कर्ज काढून त्यांनी आदल्या ऑगस्टात लॉरी आणली होती. कंपनीचं पहिलं हिशेबाचं वर्ष मार्चअखेर नुकतंच संपलं होतं. रावजींना सहीपुरतं लिहिता येई. वह्या लिहायची मॅट्रिक झालेली आवडी.

भाताच्या वखारीवरच्या माळ्यावर कंपनीची कचेरी होती. मुरारी सकाळच्या गाडीने येई, संध्याकाळच्या गाडीने जाई. खाली रस्त्यावरून ट्रक गेला की माळा थरथरे, दौतीतली शाई हलके हलके डुले...

"लॉरी तर दारात उभी आहे," आवडी म्हणे. "मग तिची किंमत कमी का लिहायची?"

"आंबेनळी घाट चढताना ऐकलंत तिला? रोज थोडी थोडी झिजते ती. कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत म्हणून नुकसान होत नाही, असं थोडंच आहे?"

"आणि विमा?"

"जुलैपर्यंतचा भरलाय. त्यातले चार महिने अजून यायचेत. त्यांचा खर्च सरल्या वर्षाच्या माथी नको."

"ड्रायव्हरांचा मार्चचा पगार तर एप्रिलात दिला आपण."

"घाम मार्चात गाळला ना त्यांनी? मग मार्चातच लिहायचा."

"म्हणजे झालेलं असतं, पण अजून दिलेलं नसतं... बोललेलंही नसतं... तेसुद्धा लिहून ठेवायचं?"

विचारलं आणि आवडीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मुरारीची लेखणी कागदावर तशीच थांबली.

"देणं खरं असेल तर," तो हळूच म्हणाला, "लिहायलाच हवं..."

तिने त्याच्यापुढे ताकाचं भांडं सरकवलं. त्याने घेतलं, तेव्हा बोटं जरा... जरा जास्तच वेळ भांड्यावर राहिली.

पंधरा दिवसांनी पेन्सिलीने बेरीज झाली. रावजी ज्याला एकोणीसशे रुपये नफा समजत होते, तिथे सहाशे साठ रुपये तोटा उभा राहिला.

आवडी ताक घेऊन जिना चढत होती. वर वडिलांचा आवाज आला आणि ती पायरीवरच थबकली.

"मोरे, चाळीस घरी जबान दिलीय मी, पयल्याच साली नफा वाटीन म्हणून. ती झिजबीज पुढल्या साली बघू." रावजी थांबले. "आन् तुमी पोरीकडं कसं बघता ते मला दिसतंय. तिचा बी नकार नाय. एवढं काम करा, मग मला दुसरं स्थळ बघाया नको."

आवडीने ताकाचं भांडं दोन्ही हातांनी धरलं.

"रावजीबाबा, मला हे जमणार नाही," मुरारी म्हणाला.

आवडी आल्या पावली खाली उतरली. त्याने नेमकं काय नाकारलं होतं? खोटा नफा, की तिला? तिला राग येत होता, आणि कुणाचा येतोय ते कळत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मुरारी यायच्या आतच ती माळ्यावर जाऊन बसली. घसारा, ड्रायव्हरांचा पगार, विम्याचे आगाऊ दिलेले पैसे – एकेक नोंद तिने शाईने लिहिली. शेवटची ओळ ओली असतानाच रावजी दारात आले.

"गो आवडे! कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. बनुबाईने पाटल्या मोडून शेअर घेतलाय, बाबा. तिचेच पैसे तिला नफा म्हणून वाटायचे?"

रावजी वहीकडे बघत राहिले, मग टोपी सारखी करून जिना उतरले.

रविवारी देवळात शेअरवाल्यांची सभा भरली. रावजींनी तोट्याचा आकडा स्वतःच्या तोंडाने सांगितला. सांगताना एकदा आवाज फाटला. त्यांच्यातला हैबती ताडकन उठला, "फसवलंस आमाला!" म्हणाला आणि आठ-दहा जणांना घेऊन चालता झाला. बनुबाई मात्र खांबाला टेकून बसून होती.

"गाडी हाय न्हवं जाग्यावर?" तिने विचारलं.

"हाय."

"मग चालव तर."

एवढंच. टाळ्या नाहीत, काही नाही.

मुरारीचं काम संपलं होतं. आवडी त्याला सभेच्या कागदांची नक्कल द्यायला फाट्यावर गेली. रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं. दूर वळणावर महाडच्या गाडीची धूळ दिसू लागली.

"निघालात..." ती म्हणाली.

"हो. एक सांगायचं होतं. तुमच्या वडिलांनी मला एकदा विचारलं होतं—"

"ऐकलंय मी. नाही म्हणालात तुम्ही."

मुरारीने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ, डोळे न वळवता पाहिलं.

"नफ्याला नाही म्हणालो, आवडी. तुम्हाला नव्हे."

गाडी येऊन थांबली. कंडक्टरने दार उघडलं, "चला, महाड!"

"मग ते बाबांना सांगा की," ती कशीबशी म्हणाली. "आज... आत्ता."

गाडी त्याला न घेताच गेली.

रावजी दारात उभ्या लॉरीच्या सावलीला, पायरीवर बसले होते. दोघांना येताना बघून उठले नाहीत. मुरारीने पिशवी खाली ठेवली. कसलंही आडवळण न घेता आवडीला मागणी घातली. रावजींनी बराच वेळ मातीत काडीने रेघा ओढल्या.

"माझ्याकडं लग्नाला पैसा नाय, मोरे," शेवटी ते म्हणाले. "तुमीच तसं दाखवलंय."

"ठाऊक आहे," मुरारी म्हणाला. "बेरीज मीच तपासलीय."

रावजींच्या मिशीआड काहीतरी हललं. किती दिवसांनी! त्यांनी काडी फेकली, सरकून पायरीवर जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "गो आवडे, च्या ठेव."